पहिली फुकट

पहिली सिगारेट सहसा कुणी विकत घेत नाही. ती कुणीतरी पुढे करतं. मला ती हॉस्टेलजवळच्या टपरीवर मिळाली. फळीवर रॉकेलची चिमणी मिणमिणायची, शेजारच्या डब्यात रिकाम्या पाकिटांच्या कापलेल्या पट्ट्या. पट्टी चिमणीवर पेटवायची, तिच्यावर सिगारेट शिलगवायची. पहिल्याच झुरक्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. शरीर स्वच्छ 'नको' म्हणत होतं. पण मंडळी हसली, एकाने पाठीवर थाप मारली. गावाकडून आलेल्या, वर्गात तोंड न उघडणाऱ्या पोराला बाकड्यावर जागा मिळाली. त्या जागेपुढे ठसक्याचं काय एवढं!

तंबाखूचा अंमल नंतरचा. झुरक्यातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं ओसरतं. मग चिडचिड, हुरहूर. पुढची ओढली की हायसं वाटतं आणि आपण म्हणतो, ताण गेला. गेला तो तिनेच आणलेला. सावकाराचं व्याज फेडायला सावकाराकडूनच कर्ज काढावं, तशातली गत.

पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा 85 टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने व्यापलेला असतो. पण सुटी घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतंच कुठे? 2020मध्ये राज्याने सुट्या विक्रीवर बंदी आणली, तरी आमच्या कोपऱ्यावर 'एक दे' चालूच राहिलं.

मी सोडली तेव्हा पहिले तीन दिवस शरीर भांडलं, मग दमलं. ऑफिसातले दुपारचे चार मात्र दमेनात. 'जरा येतो' म्हणून खुर्चीतून उठायला निमित्त उरलं नव्हतं. साहेबाची टवाळी, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा रखडलेला हप्ता, सगळं टपरीवर शिजायचं. माझ्यापर्यंत यायचं ते शिळं होऊन. दोनदा सोडली, दोनदा त्या गप्पांपायी परत धरली. तिसऱ्यांदा टपरी ठेवली, नुसता कटिंग घेऊ लागलो.

टपरीवाल्याने उधारीच्या वहीतल्या माझ्या नावावर रेघ मारली. पण मी ज्यांच्यापुढे पहिली धरली, त्यांचा हिशेब त्या वहीत कधी नव्हताच. दोघे आठवतात. त्यातला एक परवा भेटला. बोलता बोलता त्याने खिशातून पाकीट काढलं आणि सवयीने आधी माझ्यापुढे धरलं.