बेंजो आणि पखवाज

पेण

ती. ताईस,


फोनवर भाऊजी शेजारी होते, म्हणून तेव्हा हो ला हो केलं. खरं उत्तर या पत्रात. तुझा लेक दर रविवारी रोह्याहून मेमू धरतो आणि मामाकडे न जेवताच परततो, हे खरं आहे. तो असतो त्या गणपतीच्या कारखान्यातल्या पोराकडे.

गेल्या रविवारी मीच जाऊन बघितलं. फळ्यांवर शाडूचे गणपती वाळत होते, कोपऱ्यात हे दोघं. पेणचा पोरगा भजनात पखवाज वाजवतो, तुझा वरातीतला बेंजोवाला. आमच्या भजनी बुवांना बेंजो म्हणजे निव्वळ धांगडधिंगा! पोराने पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापली, थाप देऊन ऐकलं, चिमूटभर काढून टाकली. तोवर तुझा लेक तारा पिळत सूर जुळवत होता. बराच वेळ बोलणं काय, तर "अजून उतरव." वाजवताना तुझ्या लेकाने वरातीच्या सवयीने पळायला घेतलं. पखवाजवाल्याने मानही वर न करता लय धरून ठेवली, आणि आला की तुझा लेक मुकाट्याने मागे! आपण भावंडांनीसुद्धा एकमेकांचं इतकं कधी ऐकलंय?

बुवा तर बेंजोला परका म्हणतात. आहेच तो. १९१२ साली जपानात नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळांचं ताइशोगोतो बनवलं, त्याचाच हा वंशज. पण बुवांची पेटी तरी कुठली? युरोपातूनच आलीय ना!

आणि अशा जोड्या जमतात, ताई. मंगेशकर भावंडांच्या सुरील कला केंद्रात मुलं वाजवायला जमायची. तिथेच लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा भेटले. एक मेंडोलिनवाला, दुसरा व्हायोलिनवाला. एक १९३७चा, दुसरा १९४०चा. दोघांच्याही घरी पैशांची ओढाताण. १९६३ला 'पारसमणी' आला, आणि १९९८ला लक्ष्मीकांत गेले तोवर जोडी टिकली. तुझा लेक तिथवर जाईल असं मी म्हणत नाही. जायची गरजही नाही.

दहावीचं म्हणशील, तर गणिताची वही त्याच्यासोबत पाठव, मी करून घेतो. पुढच्या रविवारपासून दोघांनाही जेवायला इकडेच बोलावलंय. बेंजोच्या नव्या तारांचे पैसे मी दिलेत, तेवढं भाऊजींना सांगू नकोस.

तुझा,
धाकटा