घरातलं धाकटं

चांदणी दिवाळी झाल्यावर घ्यायची, हा आमच्या घरचा नियम. भाऊबीज उलटली की तुळशीबागेच्या आसपास उरलेले कंदील पडेल भावात निघतात, आणि त्यात चांदणीच्या आकाराचा एखादा असतोच. विकणारा विचारतो, "आता कशाला ताई, दिवाळी झाली की." आमची यायचीय अजून, म्हणून सांगते. बिचारा तेवढ्यावर आणखी वीस रुपये कमी करतो.

*

मी वसईची, कॅथलिक. नवरा नगरचा, जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या वळणातला. माझ्याकडे मिस्सा आणि फादर, त्याच्याकडे उपासना आणि पाळकसाहेब. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना एकच घोर लागला होता: मुलांचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये? बाबांच्या आणि सासऱ्यांच्या त्यावर दोन बैठका झाल्या. पहिलं मूल इकडे, दुसरं तिकडे, असं ठरलं. चहाबरोबर लाडूही झाले. सव्वीस वर्षं होतील आता. तो करार न वापरताच पडून आहे.

पहिली काही वर्षं त्याची आठवण बोचायची. आता कुणी दवाखान्यांची नावं सुचवायला लागलं की नवरा ही बैठकीची गोष्ट रंगवून सांगतो. विषय बदलतो.

*

नगरकडच्या माणसाला काही सिद्ध करायचं असलं की तो टिळकांवर येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या पाच वर्षांचं सगळं 'स्मृतिचित्रे'त आहे, हसू आणि रडू एकाच पानावर. "त्यांनी नवराबायकोत दोन धर्म निभावले, आपण नुसती दोन चर्चं निभावतोय," हे नवऱ्याचं पेटंट वाक्य. म्हणून २४ला रात्री तो माझ्याबरोबर मिस्सेला येतो आणि २५ला सकाळी मी त्याच्याबरोबर उपासनेला जाते. तिथे पेटी-तबल्यावर टिळकांची भजनं होतात. वसईत वाढलेल्या मला ती आधी कीर्तनासारखी वाटली होती. आता अर्धी पाठ आहेत.

मूल असतं तर सकाळी आठला तयार होऊन दुसऱ्या चर्चमध्ये पोचणं आम्हाला जमलं असतं का, याची मला शंका आहे.

*

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांचा. मुळात अर्थ जन्माचा. १४९७ च्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या दक्षिणेच्या किनाऱ्याने येत होता, म्हणून त्या किनाऱ्याचं नावही नाताळच पडलं. इंग्रज त्याला 'नेटाल' म्हणाले आणि गांधीजींमुळे ते आपल्या शाळेच्या पुस्तकात आलं. म्हणजे सणाचं नावच जन्म, आणि साजरा करणार आम्ही दोघं. हे कुणी तोंडावर बोलत नाही. "मग काय, दोघंच का?" एवढंच विचारतात.

*

कुलकुल. आईच्या वहीत कृती सुरू होते ती 'मैदा दोन किलो' अशी. बरोबरच आहे, आमच्या ओटीवर त्या दिवशी नऊ पोरं चटईवर बसायची, प्रत्येकाच्या हातात एकेक काटा. मैदा, अंडं, नारळाचं दूध, थोडं लोणी, साखर. छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि तशीच गुंडाळत आणायची, की वर रेघा उमटतात आणि शिंपल्यासारखा आकार होतो. काटे कमी पडले की नवा कोरा कंगवा. मग तळण, मग पाक.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात मी वहीप्रमाणे दोन किलो भिजवला. रात्री दीडपर्यंत वळत होतो. पुढल्या वर्षी एक किलो, आता अर्धा. ही कृती मुळात भरल्या घरासाठी आहे, एका माणसाला ती कंटाळ्यानं मारते. दोघांना टीव्हीवर एखादा जुना सिनेमा लागतो. अर्ध्या किलोला एक सिनेमा, हे आमचं माप. नवऱ्याचे कुलकुल सैल असतात, तेलात पडले की उलगडतात. ते मी वेगळ्या डब्यात भरते. तो डबा आधी संपतो.

त्याच्या नगरच्या बाजूनं चकली, करंजी, शंकरपाळी, म्हणजे दिवाळीचाच फराळ दोन महिन्यांनी. चकल्या तो स्वतः पाडतो. माझ्या बाजूचे फुगे २५ला सकाळी. त्यात खरी माडी पाहिजे. पुण्यात ताजी माडी कुठली, म्हणून यीस्ट. पीठ मुठीत धरून अंगठा आणि तर्जनीच्या मधून तेलात सोडायचं. हात शिकला की आयुष्यभर विसरत नाही. यीस्टचे फुगे फुगतात, पण त्यांना तो आंबूस वास नाही. वसईहून कुणी येणार असलं की मी काही मागत नाही. बाटलीकडे नुसतं बघते.

*

रजेची गंमत. मी जिथे नोकरी करते तिथे २४ आणि २६ला दरवर्षी मलाच बसावं लागतं. कारण? बाकीच्यांच्या मुलांना 'नाताळची सुट्टी' असते आणि त्यांची गोव्याची, कोकणाची तिकिटं ऑगस्टातच काढलेली असतात. "तुम्हाला काय, मुलांच्या शाळा नाहीत." ज्यांचा सण नाही ते गोव्याला, आणि जिचा आहे ती टेबलाशी. मी दिवाळीतही बसते, तो सण त्यांचा म्हणून. एकदा हे हिशेबानं मांडून दाखवलं. सगळे मनापासून हसले. रजा नाही मिळाली.

*

२० डिसेंबरच्या सुमाराला नवऱ्याच्या मंडळीतली कॅरल पार्टी येते. ढोलकी, गिटार, दहा-बारा कॉलेजची पोरं आणि कापसाची दाढी लावलेला एक बारीकसा सांता. घरोघर फिरत येतात, त्यामुळे आमच्याकडे अकरा तरी वाजतात. तीन गाणी, प्रार्थना, चहा. सांता नवीन होता एका वर्षी. गाणी झाल्यावर झोळीत हात घालून त्यानं मोठ्यानं विचारलं, "लहान मुलं कुठायत?"

ढोलकीवाला खाली बघायला लागला. एका मुलीनं सांताला कोपर मारलं. नवरा पुढे झाला आणि त्यानं हात पसरला. सांतानं तीन चॉकलेटं दिली. "हिला?" म्हणून नवऱ्यानं आणखी दोन काढून घेतली.

मला त्या पोराचा राग आला नाही. राग आला तो दुसऱ्या दिवशी, त्याच्या आईचा माफी मागायला फोन आला तेव्हा.

*

गोठा. १२२३ साली संत फ्रान्सिसनं इटलीतल्या ग्रेच्यो गावी पहिला गोठा मांडला, तेव्हा त्यात गव्हाण, गवत आणि खरेखुरे बैल-गाढव होते. आमचा बुटांच्या खोक्यातला आहे. १५ तारखेला ताटलीत गहू पेरायचे, घटस्थापनेला पेरतात तसेच. नाताळापर्यंत बोटभर गवत येतं आणि मेंढ्यांची सोय होते. एका मेंढीचा कान २००९ पासून नाही.

माहेरी रीत अशी, की गव्हाण २४च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची. मिस्सेहून आल्यावर घरातल्या सगळ्यात धाकट्यानं बाळयेशू तिच्यात ठेवायचा. सहा वर्षांची होईपर्यंत तो मान माझा होता. मग भाऊ झाला आणि माझं पद गेलं. ते परत मिळालं लग्नानंतर, कारण नवऱ्यापेक्षा मी अकरा महिन्यांनी लहान. सव्वीस वर्षं या घरातलं धाकटं मीच आहे. मिस्सा हल्ली ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे लवकर आटोपते. तरी आम्ही बारापर्यंत थांबतो. नवरा दिवे घालवतो, मी मूर्ती ठेवते, तो दिवे लावतो. मग केक.

एका वर्षी भाऊ सहकुटुंब आला. भाचा पाच वर्षांचा. बाराच्या ठोक्याला डोळे चोळत उठून आला आणि म्हणाला, "आत्या, मी धाकटा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दिली नाही. "तू पाहुणा," म्हटलं. त्याला गाढव ठेवायला दिलं. वहिनी दोन दिवस गप्प होती.

पोरगा मात्र खूष होता; गाढव त्यानं तीनदा ठेवलं.

*

नाताळानंतरचा रविवार आमच्याकडे पवित्र कुटुंबाचा. आई, बाप, मूल. प्रवचन कुठे जाणार ते मंगलवार्तेच्या आधीच कळतं, तेव्हा मी बायबलमधल्या बाया आठवत बसते. सारा, रिबका, राहेल, हन्ना, अलीशिबा. मूल नाही म्हणून रडलेल्या सगळ्यांची गोष्ट शेवटी पाळण्यापाशीच जाते. ज्यांची गेली नाही त्यांची गोष्ट कुणी लिहून ठेवली नसावी.

नवऱ्यानं एक जोडपं शोधून काढलंय: अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. तंबू शिवण्याचा धंदा, रोमहून हाकलल्यावर करिंथ, मग इफिस. पौल त्यांच्याकडेच राहून त्यांच्याबरोबर काम करायचा, आणि मंडळी त्यांच्या घरी भरायची. मुलाबाळांचा उल्लेख एका शब्दानं नाही. म्हणजे नव्हतीच, असं काही त्यातून सिद्ध होत नाही. पण आम्ही त्यांना आमच्यात धरलंय.

*

दिवाळीत इमारतीतून अकरा ताटं आली. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून ती सगळी नाताळापर्यंत आमच्याकडेच राहतात आणि २५ला दुपारी भरून जातात. वाटायला नवरा जातो आणि प्रत्येक घरी बसतो, त्यामुळे मटण साडेतीनला गरम करावं लागतं.

तीन घरी मी गॉडमदर आहे. त्यांचे डबे वेगळे.

*

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की गोठा आवरला. गहू कुंडीत गेले. बाळयेशू कापसात गुंडाळून औषधांच्या कपाटात वरच्या फळीवर. चांदणी अजून गॅलरीत आहे, कारण स्टूलवर चढायला दोघांनाही कंटाळा. घट्ट वळलेल्या कुलकुलांचा पाऊण डबा उरलाय. येणार असाल तर चहाच्या वेळेला या, आणि येताना रिकामा डबा आणा.