बुलेटचं डावं कव्हर

मामाची बुलेट रत्नागिरीला खाडीलगतच्या घरी, पत्र्याच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती. ती कोल्हापूरला माझ्याकडे आली तेव्हा इंजिन चालू होत होतं, पण इंजिनाची कव्हरं पांढरट, खरबरीत झाली होती. मी डबीतलं मेटल पॉलिश आणून घासायला बसले. कपडा काळाकुट्ट होत राहिला, कव्हर मात्र होतं तसंच. इतकी घाण निघतेय तर चमक कुठे आहे, हे मला कळेना.

शेजारचे आप्पा शिरोलीच्या फाउंड्रीत आयुष्यभर होते. त्यांनी कव्हरवरून नख फिरवलं. "ही घाण नव्हं पोरी. काळं निघतंय त्ये ॲल्युमिनियमच हाय. आणि ह्ये खड्डं बघ, खाऱ्या वाऱ्यानं धातू खाल्लाय."

मग ते जे सांगत गेले, त्याने माझी समजूतच उलटी झाली. ॲल्युमिनियमला हवा लागली की लगेच त्यावर ऑक्साइडचा पारदर्शक थर चढतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, पण आतल्या धातूला तोच सांभाळतो. समुद्रावरच्या हवेतलं मीठ हा थर जागोजागी फोडतं आणि तिथून धातू आत पोखरला जातो. पांढरी भुकटी हा त्या पोखरण्याचाच उरलेला अवशेष. म्हणजे वरून काही लावून चमक येणार नव्हती. खड्ड्याचा तळ लागेपर्यंत भोवतालचा सगळा धातू खाली उतरवायचा होता. पॉलिश म्हणजे काहीतरी चढवणं असं मी धरून चालले होते. इथे तर सगळं काम काढण्याचं.

त्यासाठी कव्हर आधी उतरवायला हवं. ही जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची, उजव्या गिअरची बुलेट. मूळ आराखडा इंग्लंडमधल्या रेडिचचा, त्यामुळे काही नटांना इंची पाने लागतात. डाव्या बाजूचा फूटरेस्ट आणि पायब्रेकचा दांडा बाजूला घेतल्यावर समोर उरला मधोमध एकच मोठा नट. एवढं लांबरुंद कव्हर एका नटावर? माझा विश्वास बसेना, आणखी स्क्रू कुठे लपलेत का ते मी टॉर्च घेऊन शोधत राहिले. नव्हतेच. गॅरेजवाल्या काकांनी ट्रे आधी ठेवायला सांगितलं होतं, कारण प्रायमरी चेनचं तेल इंजिन ऑइलपेक्षा वेगळं, याच कव्हरमागे साठलेलं असतं. नट निघाला, रबरी हातोड्याने कडेला हलकेच ठोकलं, आणि काळं तेल ट्रेत उतरलं. सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही, हे काकांनी दोनदा बजावलं होतं. सील बसण्याची जागा ओरखडली की तेल गळतच राहतं. आत दुहेरी चेन, क्लचच्या प्लेटा, पुढे वीज तयार करणारी कॉइल. ज्या गाडीवर मी लहानपणी मामाच्या पुढे टाकीवर बसायचे, तिच्या पोटात हे सगळं फिरत होतं, हे बघताना मी बराच वेळ तिथून हललेच नाही.

घासायला सुरुवात ३२० नंबरच्या वॉटर पेपरने, साबणाच्या पाण्यात बुडवून. मग ४००, ६००, १०००, १५००, २०००. पहिल्या पेपरने कव्हर आधीपेक्षा वाईट दिसू लागलं, सगळीकडे करडे ओरखडे. आप्पांनी इथे खरी किल्ली दिली: प्रत्येक नंबरला दिशा बदलायची. ४०० आडवा फिरवला तर ६०० उभा. आधीच्या दिशेची एकही रेघ शिल्लक नसेल तरच पुढचा पेपर घ्यायचा. २००० च्या पेपरचा कण साधारण १० मायक्रॉनचा, आणि आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर एका मायक्रॉनहूनही लहान. म्हणून २००० नंतरही पृष्ठभाग धुरकट दिसतो. आरशासारखं प्रतिबिंब बफिंगची बारीक पेस्ट फिरल्यावरच उमटतं.

बफिंगसाठी शिवाजी उद्यमनगरात कव्हर देता आलं असतं. मोटरवर फिरणारं कापडी चाक काही मिनिटांत काम उरकतं. पण ते कडा गोल करतं, आणि नवख्या हातातून तुकडा हिसकावून भिरकावूही शकतं. मी हाताने केलं, जुन्या सुती धोतराचा फडका आणि पेस्ट घेऊन. मनगट भरून येतं, पण कव्हरच्या कडा धारदार राहतात, आणि मला त्या तशाच हव्या होत्या. दोन खोल खड्डे तसेच ठेवले. फार खोल गेलं की ओतकामातली बारीक छिद्रं उघडी पडतात, असं आप्पा म्हणाले. शिवाय रत्नागिरीचं तेवढं गाडीवर राहिलं तर मला चालेल.

बसवताना नवं रबरी सील, स्वच्छ खाच, मापाचं तेल. मधला नट जीव खाऊन आवळायचा नाही; कव्हर वाकतं आणि तिथूनच गळती सुरू होते. इंजिन चालवून खाली पुठ्ठा ठेवला, सकाळपर्यंत कोरडा होता.

आता उजवी बाजू. "टायमिंगचं कव्हर उघडू नगंस, त्यात ऑइलचे पंप हायत," असं काकांनी स्पष्ट सांगितलंय, आणि मी ते ऐकणार आहे. ते गाडीवरच घासायचं, सांध्यांवर मास्किंग टेप लावून, पेपरचा गाळ आत जाऊ न देता. फक्त किकच्या मागच्या अरुंद कोपऱ्यात बोट शिरत नाही. रबराच्या पातळ तुकड्याला पेपर गुंडाळून तिथे पोचता येतं का, ते बघायचंय.