मुलजिम आणि मुजरिम

खापरी मेट्रो स्टेशनवर उतरून ऑटोने मिहानमधल्या एम्सकडे जाताना डोक्यावरून विमान गेलं की अब्बा मान वर करतात. काचबिंदूने त्यांची नजर आक्रसत आली आहे. विमान त्यांना दिसत नाही, ऐकू येतं. "आता जासूस उतरणार," ते हसून म्हणतात. जुन्या हिंदी गुन्हेपटांत सुरुवातीला विमान उतरे आणि हॅटवाला माणूस ब्रीफकेस घेऊन जिना उतरे, त्याची ही आठवण.

नंबर येईपर्यंत आम्ही मोबाईलवर असाच एखादा सिनेमा लावतो. इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, एक आमच्या. बहुतेक वेळा तो एन. ए. अन्सारींचा असतो. अन्सारी साहेब स्वतःच दिग्दर्शक आणि स्वतःच पडद्यावरचे खलनायक. 'ब्लॅक कॅट' (१९५९) मध्ये बलराज साहनी, 'टॉवर हाऊस' (१९६२) मध्ये अजित आणि शकिला. 'ब्लॅक कॅट'ला संगीत गोव्याच्या दत्ता नाईकांचं, म्हणजे एन. दत्तांचं, 'जिंदगी और मौत' (१९६५) ला आपल्या सी. रामचंद्रांचं.

या सिनेमांत पैशाची चणचण लपत नाही. एकाच जिन्यावरून नायकही चढतो आणि खुनीही. कपाट सरकलं की मागे गुप्त खोली. तिच्यात एक टेबल, एक टेलिफोन, एक लाल दिवा. रंगीत नसला तरी तो लालच, हे आम्ही धरून चालतो. नेपथ्याला पैसे नसले की अंधार कामाला येतो. अब्बा म्हणतात, "यात निम्मा काळोखच आहे. माझं फारसं बिघडत नाही." उरलेलं आम्ही कानात सांगतो : पडदा हलला, बूट दिसले.

पण अब्बांचा जीव ज्या सिनेमावर आहे त्याचं नाव 'मुलजिम' (१९६३). मोमिनपुऱ्यातून आणलेली त्याची सीडी त्यांनी घासून घासून संपवली. त्याचं कारण आम्हाला उशिरा कळलं.

आम्ही दहावीत होतो. अब्बा मिहानमधल्याच एका बांधकामावर रात्रीचे चौकीदार होते. तांब्याच्या केबलचं एक बंडल हिशेबात कमी भरलं. पहिला संशय अब्बांवर. दोन रात्री त्यांना बसवून ठेवलं. आठवड्याने कळलं, बंडल दुसऱ्या साइटवर पाठवलेलं होतं, वहीत नोंद राहिली होती. कोणी माफी मागितली नाही. कामावरही परत बोलावलं नाही. मोहल्ल्यात मात्र काही दिवस सलामांचे जवाब तुटक येत राहिले. आम्हीही शाळेत मान खाली घालून बसत होतो. अब्बांना एकदाही विचारलं नाही की, तुम्ही घेतलं होतं का. आणि नव्हतं घेतलं, असा विश्वासही बोलून दाखवला नाही. ही आमची चूक अजून सलते.

उर्दूत दोन शब्द शेजारी शेजारी राहतात. ज्याच्यावर इल्जाम आहे तो मुलजिम. ज्याचा जुर्म शाबीत झाला तो मुजरिम. लिहिताना मुलं हमखास गोंधळतात. आम्ही इतर चुकांना अर्धा गुण कापतो, या चुकीला पूर्ण. मुलं कुरकुरतात, "सर, दोन अक्षरांचा तर फरक!" त्यांना काय सांगावं? त्या दोन अक्षरांत आमच्या घरातली दोन रात्रींची वाट पाहणारी अम्मी बसलेली आहे.

मोठ्या बजेटच्या सिनेमात हल्ली नाव आणि टोपी पाहूनच खलनायक ओळखता येतो. त्या गरीब सिनेमांत संशय सगळ्यांवर असे; मालकावर, डॉक्टरवर, माळ्यावरही. आणि ज्याच्यावर पहिल्या रिळात बोट रोखलं जाई, तो बहुतेक वेळा शेवटच्या रिळात सुटे. तेही चारचौघांत, मोठ्या आवाजात. अब्बांना तेवढंच ऐकायचं असतं.

परवा ऐन शेवटालाच आमचा नंबर पुकारला. आम्ही उठलो. अब्बांनी मनगट धरून खाली बसवलं.

"थांब बेटा, आधी त्याला सुटू दे."

आम्ही आवाज थोडा वाढवला. आणि मागच्या माणसाला म्हटलं, "भाऊ, तुम्ही व्हा पुढे."