किती गेलं, किती वेळात?

द्वारका सर्कलला अ‍ॅम्ब्युलन्स अडकली की आपण सगळे एकच गोष्ट मोजतो. मिनिटं. मुंबई-आग्रा हायवे आणि पुणे रोड इथं एकमेकांत घुसतात, वरून उड्डाणपूल गेला तरी खालचा गुंता काही सुटला नाही. सायरन वाजतो, रिक्षावाला जागा करायला बघतो, लोक हळहळतात. सगळं बरोबर आहे. पण गाडीच्या आत, छताच्या हुकाला लटकलेल्या बाटलीतून पेशंटच्या शिरेत किती वेगानं काय जातंय, हे कोण मोजतं? आज त्याबद्दल लिहितोय.

मालेगाव, चांदवड, पिंपळगावकडून येणारा किंवा सिन्नरकडून येणारा पेशंट शहरातल्या दवाखान्यात जायचा तर त्याला बहुतेक वेळा द्वारका चुकत नाही. तालुक्याच्या ठिकाणी सलाईन लावलेली असते. "नाशिकला न्या" म्हणतात आणि पेशंट चालू बाटलीसकट गाडीत चढतो.

आता हिशेब बघा. नेहमीच्या आयव्ही सेटमधून २० थेंब पडले की साधारण १ मिली होतं. डॉक्टरांनी मिनिटाला २० थेंब लावले, तर तासाला ६० मिली. म्हणजे ५०० मिलीची बाटली आठ तासांहून जास्त चालायला पाहिजे. हे सगळं नियंत्रण कशावर? नळीवरच्या एका प्लास्टिकच्या चाकावर. बाकी काम पृथ्वीच्या ओढीचं. बाटली वर-खाली झाली की वेग बदलतो. हात कोपरात वाकला की थांबतो. चाक खड्ड्यांनी आपोआप सरकतं. वॉर्डात स्टँड स्थिर असतो, सिस्टर येऊन बघतात. पळत्या गाडीत यातलं काहीच नाही. पुष्कळदा बाटली नातेवाइकाच्याच हातात असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या काकूंना असंच आणलं. उलट्या-जुलाबानं गळून गेल्या होत्या, त्यात हृदय आधीचंच कमजोर. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी हळू सलाईन लावली होती. खासगी गाडी. वाटेत काकूंचा हात वाकला, थेंब थांबले. सोबतच्या मदतनिसानं चाक सैल केलं. थोड्या वेळानं काकूंनी हात सरळ केला आणि धार लागली. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. द्वारकेच्या गर्दीत गाडी उभी असताना चुलतभाऊ म्हणाला, "अरे, बाटली संपली की!" आठ तासांची बाटली तासाभरात आत गेली होती. काकूंना धाप लागली, आडवं पडवेना.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती गेलं, किती वेळात?" आम्ही चार जण होतो, उत्तर एकाकडंही नव्हतं. सोबतच्या चिठ्ठीवर औषधांची नावं होती, सलाईन सुरू केल्याची वेळ नव्हती. काकू तीन दिवस आयसीयूत राहून घरी आल्या. देवाची कृपा आणि त्या डॉक्टरांची.

गंमत बघा, आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्याला विचारा. ड्रिपर ताशी दोन लिटरचा की चार लिटरचा, आज किती तास पाणी सोडलं, तो तोंडपाठ सांगेल. वेलीच्या मुळाशी किती गेलं याचा हिशेब आपल्याकडं आहे. माणसाच्या शिरेत किती गेलं याचा नाही.

"सलाईनच तर आहे, पाणीच तर आहे" असं आपण म्हणतो. पण अपघातात रक्त गेलेल्याला किंवा जुलाबानं सुकलेल्याला कमी पडलं तर जीव जातो. आणि डेंगीत, हृदयाच्या, किडनीच्या पेशंटला जास्त झालं तर पाणी फुप्फुसात भरतं. २०११ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या तीन हजारांहून जास्त गंभीर तापाच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना झपाट्यानं सलाईन दिली, त्यांच्यातली शंभरात १० ते ११ मुलं ४८ तासांत दगावली. ज्यांना तशी दिली नाही, त्यांच्यातली सुमारे ७. वेग हासुद्धा औषधाचा डोसच आहे.

यावर उपाय नाही असं नाही. आयसीयूतला इन्फ्युजन पंप महाग, पण थेंब मोजणारी छोटी यंत्रं आता आली आहेत. ज्या छोट्या चेंबरमध्ये थेंब पडतो, त्यावर ती चिमट्यासारखी बसतात. आतला प्रकाशाचा किरण प्रत्येक थेंबानं तुटतो, यंत्र ते मोजून तासाला किती मिली जातंय हे दाखवतं. वेग बदलला की बोंबलतं. अमेरिकेतलं 'ड्रिपअसिस्ट' साध्या पेन्सिल सेलवर चालतं. आपल्याच देशात ईव्हलॅब्स या कंपनीनं 'ड्रिपो' नावाचं असं यंत्र केलं. ही यंत्रं वेग दाखवतात, चाक फिरवायला माणूसच लागतो. पण निदान कळतं तरी.

आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांनी. त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स, म्हणजे व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटरवाल्या. उरलेल्या ७०४ बेसिक. माझं म्हणणं साधं आहे. सलाईन दोन्हीत लागते, खासगी गाड्यांतही लागते. मग थेंब मोजायचं यंत्रही प्रत्येक गाडीत हवं. आणि सोबतच्या चिठ्ठीवर दोन रकाने हवेत, सुरू केल्याची वेळ आणि ठरवलेला वेग. दुसऱ्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

नळीतून काय येतंय यावर जीव कसा लटकलेला असतो, हे नाशिकला शिकवायला नको. द्वारकेपासून जवळच असलेल्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ ला ऑक्सिजनची टाकी गळली, दाब पडला आणि त्या दिवशीचा अधिकृत आकडा होता २२ मृत्यू.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता? पेशंट सोबत न्यायची वेळ आलीच, तर निघताना डॉक्टरांना विचारा, मिनिटाला किती थेंब? मोबाईलमध्ये वेळ लावा, १५ सेकंदांतले थेंब मोजा, चारनं गुणा. नेहमीच्या सेटला मिनिटाच्या थेंबांना तीननं गुणलं की तासाचे मिली मिळतात. लहान मुलांच्या मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा १ मिली, तिथं जेवढे थेंब तेवढेच मिली. बाटलीवर पेनानं वेळ लिहा. चाकाला मात्र स्वतः हात लावू नका, सोबतच्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना सांगा.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कुंभाची स्नानं आहेत. गर्दी याच रस्त्यांवर येणार, गाड्याही इथंच अडकणार. अ‍ॅम्ब्युलन्सची यादी करताना ही एक ओळ त्यात घाला, असं आरोग्य विभागाला आणि कुंभमेळा प्राधिकरणाला मी लेखी देतोय. तुमच्या नगरसेवकाला, आमदाराला तुम्हीही विचारा. खरेदी झाल्यावर बोंब मारून उपयोग नाही.