कुंभिवलीची कणगी आणि पावसाळ्याची बेगमी

कर्जत सोडून गाडी खोपोलीच्या वाटेला लागली की दोन्ही अंगांना भाताची खाचरे दिसू लागतात. खालापूर तालुक्यातील कुंभिवली हे याच भातपट्ट्यातले गाव. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. भिंती ओलावतात, मिठाला पाणी सुटते, डाळीत पोरकिडे होतात. हातावर पोट असणाऱ्याला नासलेले धान्य परवडत नाही. म्हणूनच आपल्या आयाबायांनी बेगमीचे शास्त्र उभे केले.

या शास्त्राचा पहिला धडा उन्हाचा. भात चांगला वाळवायचा आणि शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणगीत भरायचा. धान्यात निर्गुडीचा किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. डाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा. चिंच मिठात मळून तिचे गोळे करायचे. कैरीच्या लोणच्यात मीठ, हळद, मोहरी, मेथी, हिंग घालून वर तेलाचा थर ठेवायचा.

यात काम कोण करते, हे समजून घ्यावयास हवे. खरा पहारेकरी म्हणजे मीठ, आंबटपणा आणि कोरडेपणा. त्यांच्यापुढे बहुतेक जंतूंचे फारसे चालत नाही. कुटलेल्या मोहरीतला झणझणीत अर्क, लवंगेतले युजेनॉल आणि हळद हे त्यांचे मदतनीस. तेलाच्या थरामुळे हवा लागत नाही, म्हणून बुरशी धरत नाही. नुसती हळद घातली म्हणून ओले अन्न टिकणार नाही. बुरशी आलेले शेंगदाणे वा धान्य धुऊन, भाजूनही खाऊ नये. बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही.

आता शहरातल्या खोल्यांतून एक धोकादायक सवय शिरली आहे. किडे मारण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या धान्याच्या डब्यात टाकल्या जातात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावली आहेत. ते गोदामातले औषध आहे, जाणकाराच्या हाती राहावयाचे. घरात त्याला थारा देऊ नका. बोरिक पावडर, पाऱ्याच्या गोळ्या यांनाही धान्यापासून दूरच ठेवा.

या घरगुती ज्ञानाची किंमत जगाला ठाऊक आहे. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. मात्र पुरावा मागितला गेला तो छापील. आजीबाई पिढ्यान्‌पिढ्या हळद लावीत आल्या, एवढे सांगून तेथे भागले नाही. जुने ग्रंथ व शोधनिबंध पुढे ठेवावे लागले. ज्यांच्या हाती पाटी-लेखणीच दिली गेली नाही, त्या बायकांचे ज्ञान कोणत्या कागदावर सापडणार?

म्हणून माताभगिनींनो, या उन्हाळ्यात गावी गेलात तर एक वही बरोबर न्या. म्हातारीला विचारा, कोणता पाला, किती मीठ, किती दिवस ऊन. शाळेत जाणाऱ्या मुलीला ते लिहून घ्यायला सांगा, आणि म्हातारीचे नाव वर घाला.