आजीचा बटवा, क्लोजअपमध्ये

ऑफिसात मी दिवसभर एक्सेल शीटमधले लाखो रुपये इकडून तिकडे हलवते. पण पैशांचं खरं टेन्शन आलं ते गेल्या दिवाळीत, सुप्याला!

पुण्याहून नगर रोडला लागलं की दोनेक तासांत आमचं सुपा. एमआयडीसी आली, हायवेवर गर्दी वाढली, पण घरचं लक्ष्मीपूजन तसंच राहिलं. आजीचा बटवा निघतो, नाणी ताम्हनात मांडली जातात, त्यांना हळदीकुंकू वाहिलं जातं. राणीछाप चांदीचे रुपये, भोकाचे पैसे आणि तांब्याच्या सात शिवराया. गेल्या वर्षी मात्र आजीनं जाहीर केलं, "पूजा झाली की तिघा पोरांना वाटून टाकणार."

तिघं म्हणजे माझे बाबा आणि दोन्ही काका. नात या हिशेबात कुठंच नव्हती. "मग मला निदान फोटो तरी काढू दे," मी म्हटलं.

"काढ की. फक्त घासू नको म्हंजे झालं!"

हा टोमणा जुना आहे. सातवीत असताना मी एक शिवराई चिंच-मीठ लावून तारेच्या घासणीनं लख्ख केली होती. नव्यासारखी दिसावी म्हणून! आजी तेव्हा काहीच बोलली नव्हती. तेच जास्त लागलं होतं.

तर फोटोसेशन सुरू. मोबाइल हातात, फ्लॅश ऑन. रिझल्ट? राणीच्या जागी पांढरा धब्बा आणि शिवराई म्हणजे चॉकलेटची गोळी. मग डोकं चालवलं. फ्लॅश बंद. दोन डब्यांवर काच आडवी टाकली, तिच्यावर मोबाइल पालथा ठेवला आणि खाली नाणं. बटण दाबताना हात हलतो म्हणून तीन सेकंदांचा टायमर. चांदी चमकत होती, तर खिडकीवर पांढरा पंचा टांगला. उजेड एकदम मऊ झाला.

झिजलेल्या शिवराईला मात्र उलटा उपाय लागला. पंचा काढला, खिडकी अर्धी लोटून घेतली आणि ऊन एका बाजूनं, अगदी तिरपं येऊ दिलं. बोटाला जेमतेम जाणवणाऱ्या उंचवट्यांची सावली पडली आणि स्क्रीनवर अक्षरं उभी राहिली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. एक गंमत सांगते. उजेड फोटोच्या वरच्या बाजूनं यायला हवा. तो खालून आला, तर डोळे फसतात आणि उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात.

शिवरायांच्या काळात सुरू झालेली ही नाणी पेशवाईतही पाडली जात होती. म्हणजे आमच्या सातही थेट रायगडावरून आल्या, असं नाही. पण कितीतरी हातांतून फिरल्यात, हे नक्की. अक्षरांच्या खाचेत वर्षानुवर्षांची हळद बसलेली होती. तीही फोटोत आली.

शेवटी माझी 'लख्ख' शिवराई. तिच्यावर नुसते ओरखडे. 'छत्रपति'मधला 'ति' साफ गेलेला. तांब्यावर चढलेला काळपट थर म्हणजे मळ नव्हे. तो नाण्याला सांभाळतो, आणि जाणकार नाण्याचं मोल करताना आधी तोच बघतात. मी तेवढाच खरवडून काढला होता.

नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथं नाण्यांच्या फोटोंचाही मोठा संग्रह आहे. नाणं कुणाच्याही तिजोरीत जाऊ दे, चांगला फोटो, वजन आणि व्यास हाताशी असला की अभ्यास करता येतो. मग मीही सराफाकडून वजनं करून आणली, पट्टीनं व्यास मोजला आणि प्रत्येक फोटोखाली लिहून टाकलं. शिवाय नाणं घरात कुठून आलं, ते आजीच्या तोंडून.

रात्री लॅपटॉपवर सगळं दाखवलं. मोतीबिंदूनंतर आजीला बारीक दिसत नाही. स्क्रीनभर 'श्री राजा शिव' बघून ती चष्मा सावरत म्हणाली, "अगं, लगीन झाल्यापासून पुजते मी हे. यावर काय लिहिलंय, ते आज दिसलं."

वाटणी झाली. प्रत्येकाला दोन-दोन शिवराया. सातवी आजीनं माझ्या हातावर ठेवली.

"ही तुझी. तूच घासलीस ना? आता तूच सांभाळ."

सगळे हसले. मीही हसले. बटवा आता तीन घरांत विभागला गेलाय. सगळी नाणी एकत्र आहेत, ती फक्त माझ्या फोल्डरमध्ये. आणि ओरखड्यांची शिवराई माझ्या पर्समध्ये. तिला मी पुन्हा घासलेलं नाही.